नाटकाच्या पत्रिकेचे मुखपृष्ठ : तालमीच्या खोलीपासून छापखान्यापर्यंत

सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात दुसरी घंटा होऊन गेलेली असते, प्रेक्षक आपापल्या खुर्च्यांवर स्थिरावलेले असतात आणि दारात मिळालेली चार पानी पत्रिका हातात उलटसुलट करून पाहत असतात. तिसरी घंटा होऊन दिवे मंदावेपर्यंत मुखपृष्ठाला जी तीन-चार मिनिटे मिळतात, ती प्रेक्षागृहातील पिवळट उजेडात आणि हातभर अंतरावरून मिळतात. हल्ली मात्र बहुतेक मुखपृष्ठे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या झगझगीत पडद्यावर तयार होतात आणि तिथेच संमतही केली जातात. माझ्या अनुभवात पत्रिकांचे बहुतेक दोष या एकाच विसंगतीतून निर्माण होतात. म्हणून या लेखातील प्रत्येक टप्पा हात, अंतर आणि उजेड या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून सांगितला आहे.

१८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हापासून नाट्यपंढरी म्हणवून घेणाऱ्या या गावात हौशी संस्थांची वानवा कधीच नव्हती. येथील संस्था नेपथ्यासाठी रात्री जागवतात, प्रकाशयोजनेवर भांडतात, आणि पत्रिकेचे काम मात्र प्रयोगाला चार दिवस उरले असताना कोणाच्या तरी भाच्याकडे सोपवतात. पुढील विवेचन अशा संस्थांसाठी आणि त्या भाच्यासाठीही आहे.

काम हाती घेण्यापूर्वी

मुखपृष्ठ करणाऱ्याने संहिता पूर्ण वाचावी आणि किमान एक तालीम शेवटपर्यंत बसून पाहावी. संहितेतून विषय कळतो, पण नाटक कोणत्या लयीत आणि कोणत्या रंगात उभे राहणार आहे हे तालमीतच समजते. नेपथ्यकाराने भिंतीला कोणता रंग ठरवला आहे, मुख्य पात्राच्या हातात सतत कोणती वस्तू असते, पडदा उघडताना रंगमंचावर काय दिसते, या गोष्टी टिपून ठेवाव्यात. दिग्दर्शकाला “मुखपृष्ठावर काय हवे?” असा प्रश्न विचारू नये, उत्तरादाखल तो सगळे नाटकच सांगू लागतो. त्याऐवजी “मुखपृष्ठावरून काय कळता कामा नये?” असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर नेमके मिळते, आणि दुसऱ्या अंकातील रहस्य दारातच फोडण्याची आपत्ती टळते.

त्याच बैठकीत मजकुराची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकावी. नाटकाचे नाव, संस्थेचे नाव, लेखक, दिग्दर्शक, श्रेयनामावली, ऋणनिर्देश आणि जाहिराती हे सारे एकाच माणसाने, टंकलिखित स्वरूपात आणि ठरलेल्या तारखेला द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी आलेल्या मजकुरात एखाद्या तबलजीचे नाव हमखास गळते, आणि तो तबलजी ते पुढील दहा वर्षे विसरत नाही.

तारखा प्रयोगाच्या दिवसापासून मागे मोजाव्यात. पत्रिका प्रयोगाच्या दोन दिवस आधी हातात हवी असेल, तर छपाई, सुकणे, घडी आणि कापणी यांसाठी चार दिवस, कच्चा नमुना व दुरुस्त्या यांसाठी तीन दिवस आणि रेखाटनासाठी किमान आठवडा धरावा. रंगभूमी दिनाच्या सुमारास प्रयोग असेल तर अधिक सावध राहावे. ते दिवस बहुधा दिवाळीच्या आसपासचे असतात; छापखान्यात शुभेच्छापत्रे आणि दिनदर्शिका यांची रीघ असते, आणि सुट्टीवर गेलेले कामगार लवकर परतत नाहीत.

आकार, घडी आणि कागद

हौशी प्रयोगासाठी ए-४ कागदाची मधोमध एक घडी घालून होणारी चार पानी पत्रिका पुरेशी असते. घडी घातल्यावर तिचा आकार ए-५, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर होतो. हा आकार एका हातात मावतो, झब्ब्याच्या खिशात एकदा दुमडून जातो आणि मांडीवरून घसरत नाही. लांबट किंवा चौरस आकार देखणा दिसतो, मात्र त्यात कागद वाया जातो. डिजिटल छपाईच्या १३ × १९ इंची तावावर उघडी ए-४ पत्रिका दोनदा बसते, त्यामुळे ३०० प्रतींसाठी १५० ताव आणि बिघडण्याची तजवीज म्हणून आणखी दहा-बारा ताव लागतात. आकार ठरवण्यापूर्वी हा हिशेब छापखान्यातच बसून करावा.

यानंतर साध्या कागदाची घडी घालून तिची डमी करावी आणि तिच्यावर पेन्सिलीने पानांचे क्रमांक घालावेत. चार पानी पत्रिकेत बाहेरच्या बाजूला डावीकडे चौथे पान येते आणि उजवीकडे पहिले. आतल्या बाजूला दोन आणि तीन. आठ पानी पत्रिकेत जोड्या ८-१, २-७, ६-३ आणि ४-५ अशा लागतात. हे तोंडपाठ असलेला माणूसही एखाद्या रात्री चुकतो, म्हणून डमी टेबलावर समोर ठेवूनच काम करावे.

कागदाबाबत माझे मत स्पष्ट आहे. चार पानी पत्रिकेसाठी १७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाचा, मॅट आर्ट पेपर घ्यावा. चकचकीत कागदावर प्रेक्षागृहातील दिव्यांची तिरीप पडते आणि अक्षरे वाचण्यासाठी पत्रिका तिरकी धरावी लागते. आठ किंवा अधिक पाने असतील तर मुखपृष्ठाला २५० जीएसएमचे आर्ट कार्ड आणि आतील पानांना मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, वापरावा. मॅपलिथोवर स्वाक्षरी घेता येते, आणि हा लाभ क्षुल्लक नाही. जाड कागदाला घडीपूर्वी क्रीझिंग, म्हणजे दाबून काढलेली खाच, आवश्यक असते. ती नसेल तर गडद छपाई घडीवर तडकते आणि पाठीच्या रेषेवर पांढरा चरा उमटतो. शक्य असेल तेव्हा घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घालावी. तंतूंची दिशा ओळखण्यासाठी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती तंतूंची दिशा.

एकच कल्पना

उदाहरणादाखल समजा की नाटकाचे नाव ‘पाणीपातळी’ आहे आणि ते कृष्णाकाठच्या एका घरात, पुराच्या तीन रात्रींत घडते. प्रथम सुचणारी चित्रे आपण सगळेच ओळखतो : गळ्यापर्यंत पाण्यात उभे घर, छपरावर बसलेले कुटुंब, बचावपथकाची होडी आणि वर काळे ढग. यांपैकी प्रत्येक चित्र वृत्तपत्रात येऊन गेलेले आहे. सांगलीच्या प्रेक्षकाने तर ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या दारात पाहिलेले आहे, त्यामुळे मुखपृष्ठावर ते पुन्हा दाखवून त्याला नवे काहीच मिळत नाही.

म्हणून पहिल्या दहा कल्पना कागदावर काढून बाजूला ठेवाव्यात आणि अकराव्यापासून विचार सुरू करावा. पूर येऊ लागला की सांगलीकर एकमेकांना पावसाविषयी विचारत नाहीत, “आयर्विनला किती?” असे विचारतात. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे या गावाच्या बोलण्यात इतके मुरलेले आहेत की मुखपृष्ठावर केवळ एक उभी मोजपट्टी, तिच्यावर ४० आणि ४५ हे दोनच आकडे आणि त्यांच्या वर खुणा नसलेली कोरी जागा एवढेच दाखवले, तरी प्रेक्षकाच्या मनात पुढचा आकडा आपोआप येतो. चित्राचे निम्मे काम प्रेक्षकाच्या आठवणीने करून दिलेले असते. हेच नाटक नागपूरला न्यायचे असेल तर मात्र ही मोजपट्टी मुकी ठरेल, आणि तेथील पत्रिकेसाठी दुसरा विचार करावा लागेल.

कल्पना पक्की झाली की ती तालमीशी संबंध नसलेल्या एका माणसाला दाखवावी आणि त्याला काय दिसते ते विचारावे. उत्तर ऐकताना खुलासा करू नये, कारण प्रेक्षागृहात प्रत्येक खुर्चीशेजारी उभे राहून खुलासा करण्याची सोय नसते.

छायाचित्र वापरण्याविषयी थोडे. व्यावसायिक नाटकाच्या मुखपृष्ठावर नटाचा चेहरा असतो, कारण तिकीट त्या चेहऱ्यावर विकले जाते. हौशी संस्थेने ते अनुकरण करण्याचे कारण नाही, आणि कोणाचा चेहरा मोठा यावरून होणारा तंटाही वाचतो. इंटरनेटवरून उचललेले चित्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे त्याच्या कृतीवर हक्क अबाधित असतो. तालमीतील स्वतःचे छायाचित्र वापरायचे असेल, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवावे, नाहीतर त्यातील पिक्सेल कमी होतात. ए-५ पानाला कापणीची वाढीव जागा धरून सुमारे १८२० × २५५० पिक्सेल लागतात.

नावाची अक्षरे

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. मराठी नाटकाचे शीर्षक हेच पुष्कळदा मुखपृष्ठाचे चित्र असते. कमल शेडगे यांनी शेकडो नाटकांची शीर्षके हाताने घडवली, आणि वृत्तपत्रातील जाहिरातीच्या छोट्याशा चौकटीतही नाटकाचा स्वभाव अक्षरांतून ओळखू येतो हे मराठी प्रेक्षकाला दाखवून दिले. संगणकात तयार मिळणारा फाँट जसाच्या तसा शीर्षकाला लावणे म्हणजे ही परंपरा हातची सोडणे होय. ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने विंडोजसाठी घडवला. तो पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी आहे, शीर्षकासाठी नव्हे. तरीही कित्येक पत्रिकांवर नाटकाचे नाव त्यातच दिसते, ते केवळ संगणकाने आपण होऊन तो पुढे केला म्हणून.

प्रथम शीर्षक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्याची रचना तपासावी. ‘पाणीपातळी’ या शब्दात काना आणि वेलांट्या मिळून उभ्या दांड्यांची गर्दी आहे : ‘पा’ दोनदा येतो, ‘णी’ आणि ‘ळी’ या दोन्हींना दीर्घ वेलांटी आहे, आणि खाली उकार एकही नाही. शिरोरेषा सलग ओढली की तो पुलाचा रस्ता होतो आणि उभे दांडे त्याचे खांब होतात. अक्षरांचा खालचा तिसरा हिस्सा पाण्याच्या रंगात बुडवला तरी शब्द सहज वाचता येतो, कारण ‘प’, ‘त’ आणि काना यांच्या तळाशी दांड्यावाचून काहीही नसते. ‘ळ’ची गाठ मात्र पाण्याच्या रेषेवर राहील अशी थोडी वर उचलून घ्यावी. हीच युक्ती ‘गुरुकुल’ अशा नावाला लावली असती, तर ‘गु’ आणि ‘कु’ यांचे उकार बुडून शब्दच हरवला असता. प्रत्येक शीर्षकाची शरीररचना निराळी असते, आणि ती पाहिल्यावाचून त्याच्यावर प्रयोग करू नये.

हाताने अक्षरे काढण्याचा सराव नसेल, तर बोरूने किंवा जाड ब्रशने तेच नाव चाळीस-पन्नास वेळा लिहावे, त्यांतील उत्तम अक्षरे निवडावीत, ती स्कॅन करावीत आणि संगणकात जुळवावीत. तेही शक्य नसल्यास एखादा ठाशीव देवनागरी फाँट घेऊन अक्षरांचे वक्रांत (कर्व्हजमध्ये, म्हणजे रेषाचित्रात) रूपांतर करावे आणि जोडाक्षरे हाताने सुधारावीत. देवनागरीत अक्षरांमधील अंतर यांत्रिकपणे वाढवू नये. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. फाँट निवडताना त्यातील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, तेही पाहावे. हिंदी वळणाचा ‘ल’ शीर्षकात आला की जाणत्या वाचकाला तो खटकतोच.

बाकीचा मजकूर

मुखपृष्ठावर नाटकाचे नाव, संस्थेचे नाव, लेखक आणि दिग्दर्शक एवढे पुरे. प्रयोगाचा दिनांक आणि स्थळ आतील पानावर घ्यावे, म्हणजे पुढच्या प्रयोगाला उरलेल्या प्रती बाद होत नाहीत. लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक यांचे उल्लेखही आत असावेत. प्रायोजकांची बोधचिन्हे शेवटच्या पानावर जातील असे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे, कारण एका सराफाला पुढे जागा दिली की दुसऱ्या दिवशी चार दुकानदार ती मागतात. नावांच्या क्रमाचा निर्णय डिझाइन करणाऱ्याने कधीही घेऊ नये. खाडिलकरांच्या या गावात ‘मानापमान’ पत्रिकेवर होऊ नये, तो रंगमंचावरच शोभतो.

देवनागरीत मात्रा आणि उकार वरखाली जागा घेत असल्यामुळे मूळ अक्षर त्याच पॉइंटच्या इंग्रजी अक्षरापेक्षा लहान दिसते. म्हणून मुखपृष्ठावरील नावे १४ पॉइंटपेक्षा आणि आतील मजकूर ११ पॉइंटपेक्षा लहान नसावा, आणि दोन ओळींतील अंतर अक्षराच्या सुमारे दीडपट असावे. प्रेक्षकवर्गात साठीच्या पुढची मंडळी बहुसंख्य असतात, हे येथील कोणत्याही संस्थेला निराळे सांगायला नको.

वर्षातून तीन-चार नाटके करणाऱ्या संस्थेने मुखपृष्ठावरचा एक पट्टा कायमचा ठरवून टाकावा. न्यूयॉर्कमधील ‘प्लेबिल’ १८८४ पासून निघते. तिच्या माथ्यावरचा पिवळा पट्टा आणि त्यातील काळी अक्षरे तेथील प्रेक्षकाच्या ओळखीची झाली आहेत, आणि नाटकागणिक बदलते ते पट्ट्याखालचे चित्र. आपल्याकडे प्रत्येक पत्रिकेवर संस्थेचे नाव नव्या अक्षरांत आणि नव्या कोपऱ्यात दिसते.

रंग, आणि अंधारातली परीक्षा

काही वर्षांपूर्वी मी एका नाटकासाठी संपूर्ण काळे मुखपृष्ठ केले आणि त्यावर गडद निळ्या रंगात शीर्षक घेतले. पडद्यावर ते नीलमण्यासारखे चमकत होते. प्रयोगाच्या रात्री पहिल्या रांगेतील एका वयस्क गृहस्थांनी पत्रिका डोळ्यांपर्यंत नेऊन शेजाऱ्याला विचारले, “नाटकाचं नाव छापायचं राहिलं काय हो?” शिवाय पत्रिका त्याच दुपारी छापून आल्या होत्या आणि शाई पुरती वाळलेली नव्हती. मध्यंतरात त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर काळे बोट उमटलेले मला लांबूनही दिसले, आणि मी चहाच्या रांगेतून मागच्या मागे निघून गेलो.

तेव्हापासून मी पुढील परीक्षा चुकवत नाही. मुखपृष्ठाची प्रत घरच्या प्रिंटरवर खऱ्या आकारात काढावी, रात्री खोलीतील दिवा बंद करून फक्त शेजारच्या खोलीतील उजेड येऊ द्यावा, प्रत हातभर अंतरावर धरावी आणि मनात पाच आकडे मोजावेत. तेवढ्यात नाटकाचे नाव आणि संस्थेचे नाव वाचता आले तर मुखपृष्ठ उत्तीर्ण. दुसरी परीक्षा म्हणजे चित्र संगणकात कृष्णधवल करून पाहणे. लाल आणि हिरवा, किंवा निळा आणि काळा हे रंग पडद्यावर कितीही वेगळे वाटले तरी कृष्णधवल रूपात एकसारखे करडे होतात, आणि मंद उजेडात डोळ्यालाही जवळजवळ तसेच दिसतात. पांढऱ्यावर हळदी पिवळा हा या गावाच्या कौतुकाचा रंग असला, तरी अक्षरांसाठी तो निरुपयोगी आहे. तो जमिनीला, म्हणजे अक्षरांमागच्या पार्श्वभूमीला, वापरावा आणि अक्षरे काळी ठेवावीत.

छापखान्यात देण्याची फाइल

फाइल सीएमवायके, म्हणजे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार रंगांत आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) असावी. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड द्यावे आणि महत्त्वाचे काहीही कडेपासून ५ मिलिमीटरच्या आत आणू नये. लहान अक्षरे केवळ काळ्या शाईत घ्यावीत. चार रंगांच्या मिश्रणातील बारीक अक्षरांचा एखादा रंग केसभर सरकला की ती दुहेरी दिसतात. मोठ्या काळ्या जमिनीसाठी मात्र निव्वळ काळा रंग फिका उतरतो, म्हणून त्यात निळा ४०, किरमिजी ३० आणि पिवळा ३० टक्के मिसळावा. अशा जमिनीला मॅट लॅमिनेशन केले तर झब्बेही सुरक्षित राहतात.

फाँटची बाब जिवाची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजूनही युनिकोडपूर्व काळातील फाँट आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या चालतात. आपण युनिकोडमध्ये दिलेला मजकूर तेथे रूपांतरित होताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्‍या’ न होता ‘दुसर्या’ होते. म्हणून अक्षरांचे वक्रांत रूपांतर केलेली पीडीएफ द्यावी, आणि रूपांतरापूर्वीची मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेवावी, कारण वक्र झालेल्या अक्षरांत शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही.

क्यूआर कोड हवाच असेल तर तो शेवटच्या पानावर, किमान दोन सेंटिमीटर बाजूचा घ्यावा. मुखपृष्ठावर घेतला तर प्रयोग सुरू असताना कोणीतरी तो स्कॅन करणार, आणि त्या मोबाइलचा उजेड प्रकाशयोजनाकाराच्या जिव्हारी लागणार.

कच्चा नमुना आणि छपाई

ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा एकदा कराव्याच लागतात, मग प्रती शंभर असोत वा दोन हजार. त्यामुळे दोनतीनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते; पाचशेच्या पुढे दोन्हींचे दर विचारून तुलना करावी. छापखान्याकडून कच्चा नमुना पडद्यावर पाहून संमत करू नये, तर प्रत्यक्ष ठरलेल्या कागदावर काढून, घडी घालून मागावा. तो दोघांनी तपासावा : एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवावे. मुखपृष्ठावरचे सर्वांत मोठे अक्षर कोणीही तपासत नाही, आणि चूक नेमकी तिथेच राहते. त्यामुळे शीर्षक उलट क्रमाने, शेवटच्या अक्षरापासून वाचावे. संमतीची सही एकाच व्यक्तीची असावी, आणि त्यानंतर दिग्दर्शकाचा फोन आला तरी फाइल उघडू नये.

पावसाळी हवेत आर्ट पेपरवरची ऑफसेट शाई वाळायला वेळ लागतो. ओल्या तावांची घडी घातली तर एका पानाचा ठसा समोरच्या पानावर उतरतो, म्हणून एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

पत्रिका आल्या की गठ्ठा दाराशी नेण्यापूर्वी त्यातून दहा प्रती काढून घ्याव्यात. एक लेखकाला, एक दिग्दर्शकाला, दोन गावातील वाचनालयांना द्याव्यात आणि उरलेल्या संस्थेच्या दप्तरात ठेवाव्यात. दप्तरातील प्रतीवर प्रयोगाचा दिनांक, स्थळ आणि ऐनवेळी बदललेल्या नटाचे नाव पेन्सिलीने लिहावे. शाईने नको, कारण ओल लागली की शाई पसरते. आणि ते दप्तर सांगलीत असेल, तर ते तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नये.